बोअरच्या पाइपातल्या साबणास

किनवट, आषाढ

प्रिय गोल साबणा,

काल संध्याकाळी तू पाइपातून सुटलास तेव्हा बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज झाला आणि माजघरातून सासूबाई धावत आल्या. मुसळाच्या टोकाला जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळून मी तुला खालून रेटत होते. मुलीनं पाइप पोटाशी घट्ट धरला होता. बोटभर आलास, अडलास, पुन्हा जोर लावल्यावर सरसर अर्धा बाहेर आलास. सासूबाई म्हणाल्या, "अगं बाई, हा तर कोथिंबीर वडीचा उंडा!" तसाच दिसत होतास, पिवळसर, ओलसर, चाळणीतून नुकताच उतरवल्यासारखा. मग वड्या पाडतात तशाच तुझ्या चकत्या पाडल्या. सुरीनं कडा फुटतात म्हणून नायलॉनचा दोरा दोन्ही हातांत ताणून.

हे पत्र तुला लिहितेय, पण ते गावानंही वाचावं अशी इच्छा आहे.

तू ज्या पाइपात रात्र काढलीस तो आमच्या शेतातल्या बोअरच्या कामातून उरलेला 63 मिलिमीटरचा कोरा तुकडा. मराठवाड्यात असा तुकडा नाही असं शेतकऱ्याचं घर सापडायचं नाही. फूटभर कापला, कडा कानशीनं घासल्या, आतून मुलांच्या वह्यांना घालतो त्या जाड प्लास्टिकच्या कव्हरची गुंडाळी सरकवली आणि खालचं तोंड प्लास्टिकनं झाकून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळलं. झाला तुझा साचा. पहिल्यांदा मी खाली टोपण घट्ट बसवलं होतं आणि आत कव्हरही घातलं नव्हतं. तेव्हा तू चार दिवस आतच बसलास. खालून हवा शिरायला वाव नसेल तर साबण पाइपाला धरून ठेवतो, हे तेव्हा कळलं. आता दोन्ही तोंडं मोकळी करते, पाइप काही तास फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवते आणि बाहेर काढून पाच-दहा मिनिटं थांबते. गारठ्यानं तू किंचित आकसतोस, अंगावर दवासारखा ओलावा धरतो आणि मग हट्ट सोडतोस.

त्याआधीची चूक याहून मोठी होती. कॉस्टिक सोड्याचं पाणी मी जर्मलच्या पातेल्यात कालवलं. सूं सूं करत फेस वर आला, पातेलं काळं पडलं, नाकाला झोंबेल अशी वाफ खोलीभर झाली. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. आठवी-नववीच्या मुलांना शिकवलेलं मी स्वतःच विसरले होते. खिडक्या उघडल्या, मुलांना अंगणात पिटाळलं. तेव्हापासून स्टीलचं पातेलं, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि कॉस्टिक पाण्यात थोडं थोडं टाकायचं. पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. थेंब उडालाच तर लिंबू-व्हिनेगर शोधत बसायचं नाही, वाहत्या पाण्याखाली हात धरून उभं राहायचं. घरातल्या लहानांच्या हाताला हे लागू नये, यात मला कसलीही सवलत मान्य नाही.

तुझं माप मी उघड सांगते, कारण अंदाजानं केलेला साबण हात भाजतो. खोबरेल 250 ग्रॅम, मोहाच्या टोळंबीचं तेल 200, एरंडेल 50. प्रत्येक तेल आपापल्या भुकेइतकंच कॉस्टिक खातं. खोबरेल ग्रॅममागे साधारण 0.183, टोळंबीचं 0.136 च्या आसपास, एरंडेल 0.128. बेरीज एकोणऐंशीच्या पुढे जाते. त्यातले पाच टक्के मुद्दाम कमी करायचे, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहून कातडीला मऊपणा येतो. उरलं 75 ग्रॅम. पाणी त्याच्या दुप्पट, 150. सगळं मिळून 725 ग्रॅम. माझ्या फूटभर पाइपात दोन-अडीच बोटं जागा ठेवून ते बरोबर मावतं आणि इंचभर जाडीच्या दहा चकत्या निघतात. वाटी-चमच्याचं हे काम नाही. ग्रॅम दाखवणारा काटाच लागतो, आणि डबा उघडा राहून कॉस्टिकनं हवेतली ओल शोषली असेल तर काटाही फसवतो.

तेलात कॉस्टिकचं पाणी गेलं की आधी नुसतं दुधाळ होतं. घोटत राहिलं की दाट होत जातं आणि एका क्षणी पळीतून पडलेली धार वरच रेघ होऊन थांबते. पिठल्याची गाठ धरते ना, तसा तो क्षण. मला तो दर वेळी नव्यानं आवडतो. तेल आता तेल राहिलेलं नसतं, साबण आणि ग्लिसरीन व्हायला निघालेलं असतं. बाजारच्या पुष्कळ साबणांतून ते ग्लिसरीन वेगळं काढून घेतात. तुझ्यात ते सगळं राहतं.

मग तुला पाइपात ओतून मी वाकळीत गुंडाळते. आत तू स्वतःच्याच उष्णतेनं तापत जातोस. चौकोनी ठोकळ्याचे कोपरे आधी गार होतात, तुला कोपरेच नाहीत. चारी बाजूंनी सारखा गार होतोस आणि मधोमध सगळ्यात जास्त तापलेला असतोस. एकदा वाकळ अपुरी पडली आणि चकत्या कापल्यावर प्रत्येकीत मधे गडद, जरा पारदर्शक वर्तुळ दिसलं, भोवती फिकट कडं. मुलीला ते झाडाच्या खोडातलं कडं वाटलं. आतला भाग तापून जेलीसारखा होऊन गेला होता, बाहेरचा तिथवर पोचला नव्हता. साबणात दोष काही नव्हता. पण त्या चकत्या मी कुणाला दिल्या नाहीत, खिडकीत मांडून ठेवल्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. टोळंबी.

चैत्रात मोहाची फुलं वेचायला आमच्या तालुक्यातली गोंड, कोलाम, आंध बाया-पोरं पहाटेच रानात असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मोहाचं नाव काढलं की लोकांना दारूच आठवते. पण फुलं सरल्यावर त्याच झाडाला फळं धरतात आणि पाऊस तोंडावर येतो तेव्हा त्यांतल्या बिया गोळा होतात. ती टोळंबी. बी फोडून आतला गर वाळवला, घाण्यात घातला की तेल निघतं, थंडीत तुपासारखं थिजणारं. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या आजीनं मला सांगितलं की तिच्या माहेरी भाजीला हेच, दिव्याला हेच आणि भेगाळलेल्या टाचांना हेच. किनवट 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. सीमेपलीकडे मोहाला इप्पा म्हणतात, आणि इप्पाचं तेलही घरोघरी ओळखीचं.

आज ती टोळंबी आठवडी बाजारात पोत्यानं जाते. जिनं ती काट्याकुट्यांतून वेचली, तीच बाई येताना त्याच बाजारातून साबणाची वडी विकत घेऊन जाते. हे मला बघवत नाही. खादी ग्रामोद्योगानं मोह, करंज, निंब अशा अखाद्य म्हणून गणलेल्या तेलांपासून साबण करण्यासाठी पुष्कळ वर्षं प्रयत्न केले, खाण्याचं तेल वाचावं आणि रानातल्या बियांना गिऱ्हाईक मिळावं म्हणून. तो विचार खरा होता. आमच्याकडे बी आहे, वेचणारे हात आहेत, पाइपाचे तुकडे तर उकिरड्यावर पडलेत. कमी आहे ती जवळच्या घाण्याची आणि काट्यावर ग्रॅम मोजायला शिकलेल्या चार मुलींची.

कुणी विचारतं, करडईचं नाही का चालत, आपल्याकडे तेच तर पिकतं. करून पाहिलं. करडईचा साबण मऊ राहतो, हाताखाली विरघळतो आणि महिना-दोन महिन्यांत त्यावर नारिंगी ठिपके येतात, खवट वास सुटतो. सोयाबीनचीही तीच गत. टोळंबीचं तेल तुला हाड देतं. फेस मात्र खोबरेलाचा, आणि ते रेल्वेनं बाहेरून यावं लागतं. याला इलाज नाही.

तुला परका मानणाऱ्यांना मी लोणारची गोष्ट सांगते. तुझं नाव अरबी-फारसीतून आलं हे खरं, पण 'ऐन-इ-अकबरी'त लोणारच्या परिसरात काच आणि साबण यांना लागणारं सगळं सापडतं अशी नोंद आहे. बुलढाण्याच्या त्या सरोवराच्या पाण्यात सोड्याचा क्षार आहे, आणि सोड्यानंच साबण टणक होतो. चुलीच्या राखेतला क्षार पोटॅशचा, त्याचा साबण लगद्यासारखा राहतो, पाइपातून दंडगोल होऊन निघणार नाही. म्हणून आमच्या आज्या राखेनं भांडी घासत, लुगडी रिठ्यानं आणि हिंगणबेटाच्या गरानं धूत. तुझ्या ताकदीची वस्तू त्यांच्या चुलीपाशी नव्हती, एवढंच.

आणि गोल साबण तर आमच्या घरात दिवाळीचा पाहुणा. टाटा ऑइल मिल्सचा मोती नरकचतुर्दशीच्या पहाटे वडील कागदातून सोडवत, आम्ही भावंडं तो हातात आधी कोण घेणार म्हणून भांडत असू. लहान मुठीत तो मावत नसे. तुझी चकती हातात घेतली की तळव्याला तीच गोलाई लागते. कोपरे नसल्यानं तू सगळीकडून सारखा झिजतोस, शेवटी चवलीएवढा उरतोस आणि तोही वापरता येतो.

आमच्या बोअरचं पाणी जड आहे, हे तुला पहिल्याच अंघोळीत कळेल. त्यातल्या चुन्याशी गाठ पडली की फेसाऐवजी पांढरा साका धरतो. मुलगी म्हणते, उनकेश्वरच्या गरम झऱ्यावर नेऊन पाहू. मी नाही म्हटलं. लोक तिथं कातडीच्या दुखण्यासाठी श्रद्धेनं येतात, त्या पाण्यात आपला साबण कालवायचा नाही. तुझ्यासाठी मी पन्हाळीचं पावसाचं पाणी धरून ठेवलंय. त्यात तू किती फेसाळतोस ते बघशील.

पण अजून वेळ आहे. चार आठवडे तरी तुला सुपात, उन्हापासून दूर, वाऱ्याला ठेवायचं. आषाढात सहा धरायचे, कारण हवाच ओली आहे आणि तुझ्यातलं ग्लिसरीन ती ओल ओढून घेतं. सकाळी चकत्यांवर घामाचे थेंब असतात. ते पुसायचे नाहीत, फक्त दर दोन दिवसांनी चकत्या उलटायच्या. चौथ्या आठवड्यात जिभेचं टोक लावून पाहीन. चटका बसला तर तू अजून कच्चा.

कालपासून तिघींनी विचारलं, विकणार का? नाही. विकायचं तर सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्याखाली परवाना लागतो, आणि तो असावाच, कारण ही वस्तू लोकांच्या कातडीला लागते. पण शिकवीन. येत्या रविवारी पाड्यावरच्या दोघी येणार आहेत. येताना यंदाच्या टोळंबीचं तेल आणतो म्हणाल्यात. मी दोन पाइप कापून, कडा घासून ठेवलेत.

तुझी,
किनवटची एक शाळामास्तरीण