जाते आणि चकती

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या पोटातल्या वस्तूंविषयी लिहावे, हे आमच्या विज्ञानशाखेच्या मित्रांना अतिक्रमण वाटेल. पण आजकाल प्रबंधिका लिहायची ती संगणकावर, आणि आमचा संगणक तर बारा वर्षांचा. तेव्हा त्याच्या पोटात डोकावणे भागच पडले.

तो सुरू व्हायला पाच मिनिटे घेई. प्रबंधिका द्यायला महिना उरला होता. नवा घ्यावा तर धाकट्याची फी राहते, हे बाबांनी न बोलताही मला कळत होते. शेवटी दुरुस्तीच्या दुकानातले गृहस्थ म्हणाले, "ताई, यंत्र ठणठणीत आहे. हार्ड डिस्क तेवढी काढा नि एसएसडी बसवा." खर्च बेताचा होता, बाबा हो म्हणाले.

हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या फिरत्या चकत्या. १९५६ साली आयबीएमने पहिली आणली, तेव्हा तिच्यात २४ इंची ५० चकत्या होत्या आणि मावत अवघी पन्नास लाख अक्षरे! आजची चकती तळहाताएवढी. फिरते मात्र मिनिटाला ७,२०० वेळा. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ सहस्रांश सेकंद. वाचणारा दांडा जागेवर सरकायला साधारण ९ सहस्रांश, मग हवी ती जागा त्याच्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा. असे तेरा सहस्रांश धरले, तर सेकंदाला जेमतेम ७५ खेपा होतात.

एसएसडीत फिरणारे काहीच नाही. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८७ साली जगापुढे मांडलेल्या नँड फ्लॅश स्मृतीवर ती चालते. विजेचा भार धरून ठेवणाऱ्या इवल्या घरांतून हवे ते उचलायला तिला एक दशसहस्रांश सेकंदाच्या आसपास वेळ पुरतो.

गंमत अशी, की एखादी मोठी फाइल सलग वाचायची असेल तर फरक डोळे दिपवणारा नाही. हार्ड डिस्क सेकंदाला १५०-२०० एमबी वाचते, साटा जोडणीची एसएसडी सुमारे ५५०. म्हणजे तिप्पट! मग पाच मिनिटांचे काम वीस-पंचवीस सेकंदांवर आले कसे? ग्रंथालयातला एकच जाडजूड ग्रंथ वाचायचा असेल, तर शिपाई सावकाश चालला तरी बिघडत नाही. पण हजार पुस्तकांतले एकेक पान हवे असेल, तर सारा वेळ त्याच्या हेलपाट्यांतच जातो. संगणक सुरू होताना अशीच हजारो पाने मागतो. वेळ खाते ते वाचणे नव्हे, शोधणे.

माझ्या प्रबंधिकेचा विषय होता जात्यावरच्या ओव्या, आणि पहिला आधार माझी आजी. नुसते बसून "सांग" म्हटले की तिला दोनच ओव्या आठवत. जात्याचा खुंटा हाती आला, दगड फिरू लागला, की एकीमागून एक येत. तिलाही फेरा लागे!

आजी गेल्या वर्षी गेली. तिचा आवाज मी त्या काढलेल्या हार्ड डिस्कवरच ठेवला आहे. तेवढ्याच जागेला ती स्वस्त पडते. शिवाय एसएसडी वर्षानुवर्षे विजेविना पडून राहिली, तर तिच्यातला भार हळूहळू गळू शकतो. अर्थात चकतीही एक दिवस थांबणारच; म्हणून दुसरी प्रत मैत्रिणीकडे दिली आहे.

कामापुरत्या ओव्या एसएसडीवर आहेत. 'भाऊ' म्हटले की भावाच्या साऱ्या ओव्या क्षणात समोर. प्रबंधिका वेळेत झाली ती या वेगामुळेच, त्याचे ऋण मी मानते. पण आजीला भावाची ओवी हवी असे, तेव्हा वाटेत तिला आई भेटे, माहेरची वाट भेटे, शेजीबाई भेटे. आणि मग भाऊ येई. त्या वाटेवरच्या ओव्या मी मागितल्याच नव्हत्या. माझ्या वहीतल्या निम्म्याहून अधिक ओव्या त्याच आहेत.