नात्याचा रकाना

परगावी नोकरी करणाऱ्या मराठी माणसाकडे ओळखीपाळखीची मुले अडीअडचणीला येतात. गेल्या वर्षी जुलैमध्ये, विवरणपत्रे भरण्याच्या दिवसांत, एका स्नेह्यांची मुलगी कोलकात्यातील आमच्या घरी आली. ती नागपूरची, जोडीदार बंगाली. विवाह न करता दोघे बालिगंजला एकत्र राहतात. तिने विचारले, "काका, विवरणपत्र आम्ही एकत्र भरायचे की वेगवेगळे?" अमेरिकेत विवाहितांना एकत्रित विवरणपत्र भरता येते, हे तिने बहिणीकडून ऐकले होते.

उत्तर सोपे होते. आपल्याकडे दोघे विवाहित असोत वा नसोत, प्रत्येकाचा दर्जा 'व्यक्ती' हाच. हिंदू अविभक्त कुटुंब हा निराळा दर्जा आहे, पण तो केवळ एका छपराखाली राहिल्याने मिळत नाही. विवाहाचा विचार आपल्या करव्यवस्थेने कधी केलाच नाही, असे मात्र नाही. 1955 च्या अर्थसंकल्पात चिंतामणराव देशमुखांनी करमुक्त उत्पन्नाची मर्यादा विवाहितांसाठी दोन हजार रुपये आणि अविवाहितांसाठी एक हजार रुपये ठेवली होती. आज तो भेद उरलेला नाही. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे पती-पत्नींचे पगाराव्यतिरिक्तचे उत्पन्न निम्मे निम्मे धरले जाते, परंतु तेथेही विवाह हवाच.

तिचा खरा प्रश्न यानंतर आला. ती घर घेत होती आणि जोडीदार तिला सहा लाख रुपये देणार होता. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात पन्नास हजारांहून अधिक रक्कम भेट मिळाली, तर ती संपूर्ण रक्कम करपात्र ठरते. नातेवाइकांच्या व्याख्येत मामा आहे, आत्या आहे, सहचर नाही. वीस वर्षे तोंड न पाहिलेल्या मामाने दिलेले सहा लाख करमुक्त आणि रोज आजारपणात उशाशी बसणाऱ्याने दिलेले करपात्र! कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा 2005 चा कायदा विवाहसदृश संबंध ओळखतो. करकायदा ओळखत नाही.

"मग भेटपत्रात 'पती' असे लिहून टाकू?" तिने सहज विचारले. मी क्षणभर गप्प राहिलो. तिच्या बाजूचा न्याय मला दिसत होता. तरीही नको म्हणालो. खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे, हे तर खरेच. पण उद्या दोघांचे बिनसले, तर तोच कागद तिच्यावर उलटेल. शिवाय विवाहाच्याही अटी आहेत. पतीने दिलेली भेट करमुक्त असते, मात्र त्या पैशातून घेतलेले घर भाड्याने दिल्यास त्या प्रमाणात भाडे पतीच्या उत्पन्नात मिळवले जाते. सहचरांना हा नियम लागू नाही. म्हणजे एका दाराने कायदा जे देतो, ते दुसऱ्या दाराने थोडेफार परत घेतो.

मी दोन सरळ मार्ग सुचवले. खरेदीखतात दोघांची नावे घालून ज्याने जितके पैसे दिले तितका त्याचा हिस्सा लिहावा. अथवा रक्कम बँकेमार्फत कर्जाऊ घ्यावी, लेखी करार करावा आणि ते कर्ज खरोखरच फेडावे.

समलिंगी जोडप्यांना तर विवाहाचा पर्यायच नाही; 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. भेटीवरील याच कराला अशा एका जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने महान्यायवादींना नोटीस काढली. व्याख्या बदलायची तर अशा मार्गानेच बदलावी, असे माझे मत आहे. एकेकट्या नागरिकाने रकान्यात असत्य लिहून ती बदलत नाही, आणि जोखीम मात्र त्या नागरिकाच्याच माथी येते.

पुढे दोघांनी खरेदीखतात हिस्से लिहिले. तिचा बासष्ट टक्के, त्याचा अडतीस. दस्त दाखवायला ती आली तेव्हा म्हणाली, "काका, आमच्या नात्याविषयी सरकारदरबारी लिहिला गेलेला हा पहिलाच कागद."