राहिलेला पडदा

इस्लापूरच्या आमच्या घराच्या अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत, एक फिकट निळी प्रीमियर पद्मिनी उभी असते. जून २०२५ मध्ये तिच्या पहिल्या नोंदणीस ५० वर्षे पूर्ण झाली आणि घरात एक वाद उभा राहिला. तो वाद वरवर गाडीचा होता. पण त्याच्या मुळाशी जे होते ते सांगण्यासाठी मला ३४ वर्षे मागे जावे लागेल.

प्रथम गाडीचे कूळ सांगतो. दिसायला साधी असली तरी ती इटलीची लेक आहे. तुरिन शहरातील फियाट कंपनीने १९५३ साली '११००–१०३' ही मोटार बाजारात आणली. त्याच वर्षी तिची अधिक वेगवान आवृत्ती 'तुरिस्मो वेलोचे' या नावाने निघाली आणि पिनिन फारिना या नामांकित कारागिरांनी तिच्या आधारावर दोन दारांची डौलदार कूपे घडवली. त्या कूपेचे चित्र मी प्रथम एका जुन्या मासिकात पाहिले, तेव्हा आमच्या अंगणातल्या गाडीची श्रीमंत मावसबहीण भेटल्यासारखे वाटले. दोघींच्या इंजिनाचे माप एकच, १०८९ घनसेंटिमीटर. मात्र नशिबे निराळी. एकीच्या वाट्याला शर्यती आणि संग्राहकांची गॅरेजे आली. दुसरी मुंबईला कुर्ल्यात आली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९५४ पासून ती येथे बांधावयास घेतली. तिचे ते पहिले गोलमटोल रूप लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हणून ओळखले. १९६४ साली 'डिलाइट' आली आणि १९७४ पासून तीच गाडी 'पद्मिनी' झाली.

आमची पद्मिनी १९७५ सालची. माझे वडील, अण्णा, शाळेत मास्तर होते. १९८९ साली नांदेडच्या एका निवृत्त डॉक्टरांकडून त्यांनी ती जुनी म्हणून विकत घेतली. मास्तराने मोटार घ्यावी याचे गावाला नवल वाटले. पण इस्लापूर त्या काळी बरेच एकाकी होते. नांदेडहून किनवटकडे जाणारी रेल्वे मीटरगेज होती आणि गाड्या मोजक्याच. रात्री कुणाला काही झाले तर सकाळची वाट पाहण्यावाचून उपाय नसे. अण्णांनी गाडी घेतली ती याचसाठी. दार वाजले की ते सदरा चढवीत आणि मी कंदील घेऊन पुढे होई. कुणाकडून त्यांनी पेट्रोलचे पैसे मागितल्याचे मला आठवत नाही.

गाडीची देखभाल त्यांनी माझ्याकडे सोपवली होती. मी तेव्हा विशीत होतो. नांदेडच्या मिस्त्रीचाचांकडे बसून मी ते काम शिकलो. दर महिन्याला पुढच्या चाकांच्या किंगपिनना ग्रीस द्यायचे. प्लग व पॉइंट पॉलिश पेपरने साफ करून त्यांतील फट नीट करायची. चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणून लायनर वेळेवर पाहायचे. मराठवाड्याच्या मे महिन्यात पेट्रोलची वाफ होऊन इंजिन बंद पडते, तेव्हा एसी पंपावर ओले फडके ठेवायचे. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर हलक्या हाताने टाकायचा. चाचा म्हणत, "गाडी बंद पडण्याआधी चारदा सांगते. ऐकणारा पाहिजे."

१९९१ च्या पावसाळ्यात ती मला सांगत होती. चढावर गाडी धाप लागल्यासारखी अडखळे, पंपाजवळ पेट्रोलचा वास येई. पंपाच्या आत एक रबरी पडदा असतो. त्याच्या वरखाली होण्याने टाकीतले पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोहोचते. तो पडदा जीर्ण झाला होता. अण्णांनी नवा आणून माझ्या हाती दिला. काम अर्ध्या दिवसाचे होते. पण माझी परीक्षा होती, मग पाहुणे आले, मग पाऊस लागला. पडदा कपाटाच्या खणात पडून राहिला.

एका रात्री शेजारच्या काकूंना कळा सुरू झाल्या. सुईणीने हात टेकले, नांदेडला न्या म्हणाली. अण्णा गाडी चालवीत होते, मागे काकू व त्यांच्या सासूबाई, पुढे मी. हिमायतनगर मागे पडले. भोकरच्या अलीकडे एका चढावर गाडी तीनदा अडखळली आणि थांबली. पावसात मी बॉनेट उघडले, तेव्हा आत काय झाले आहे ते पाहण्याचीही गरज नव्हती. पडदा फाटला होता. नवा पडदा घरी खणात होता.

सुमारे पाऊण तास आम्ही त्या रस्त्यावर होतो. काकूंचे कण्हणे आणि टपावरचा पाऊस यांखेरीज काही ऐकू येत नव्हते. अखेर किनवटकडून सागाचे ओंडके घेऊन येणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने क्लीनरला खाली उतरवून काकूंना व सासूबाईंना केबिनमध्ये घेतले. पहाटे नांदेडच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आले नसते.

अण्णा मला रागावले असते तर बरे झाले असते. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतली एक लांबट वही माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर तारीख, पुढे त्यांच्या वळणदार अक्षरात एकच ओळ होती : 'पंपाचा पडदा बदलणे राहिले.' ते म्हणाले, "यापुढे जे राहील ते यात लिही. जे लिहिले आहे ते झोपण्यापूर्वी वाच." ती वही भरली, तिच्यामागून आणखी चार भरल्या. अण्णा २००४ साली गेले. वहीची शिस्त राहिली.

आता वादाकडे वळतो. माझी थोरली मुलगी पुण्याला नोकरी करते. तिने एक कात्रण दाखवले. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम केला आहे की, मूळ रूपात जपलेल्या व ५० वर्षांहून जुन्या वाहनाला 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी घेता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. मुलगी म्हणाली, "बाबा, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. आपली गाडी आता ठेवा आहे. तिला मान द्या, दगदग पुरे."

मी नियम नीट वाचला. त्यात एक अट होती. अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे वा दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती चालवायची. म्हणजे गाडी सुरक्षित राहणार, पण कुणाच्या दारी जाणार नाही. मी नको म्हटले. मुलीने उलट विचारले, "आता कुणाच्या दारी जायचे आहे? २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. तुमच्या गाडीला पट्टे नाहीत, ब्रेक जुने. आजारी माणसाला तुम्ही तरी तिच्यातून नांदेडला न्याल का?"

तिचे म्हणणे खरे होते, आणि ते मान्य करण्यास मला काही दिवस लागले. नेणार नाही. ज्या गरजेसाठी गाडी आली ती गरज सरली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. मग मी कशाला धरून बसलो होतो? मन तपासले तेव्हा उमगले की, मी त्या रात्रीचे प्रायश्चित्त म्हणून गाडी राखीत होतो. पण यंत्र प्रायश्चित्त घेत नाही आणि देतही नाही. देखभाल म्हणजे पुढे केव्हातरी लागणारा शब्द आधीच पाळून ठेवणे, एवढेच. त्या रात्री मी तो मोडला. नंतरच्या वर्षांत पाळला. हिशेब तिथेच थांबायला हवा.

याच सुमारास त्या काकूंची मुलगी माहेरी आली होती. तिच्याजवळ मी हे सारे प्रथमच बोललो. ती मनमोकळी हसली. म्हणाली, "काका, मला तर लहानपणापासून सांगितलंय की मी ट्रकमधून आले. तुमची गाडी मला शाळेच्या सहलीला सहस्रकुंडाच्या धबधब्यावर घेऊन जायची म्हणून आठवते." जिच्यासाठी मी ३४ वर्षे ओझे वाहिले, तिच्या लेखी ती गाडी एका सहलीची होती.

शेवटी मधला मार्ग निघाला. गाडीची साधी नोंदणीच पुढील ५ वर्षांसाठी नूतन केली. २०२२ पासून ६०० रुपयांचे ५,००० झालेले शुल्क भरले. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुने रबर खाते. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या व पंपाचा पडदा घालून घेतला. मोठ्या रस्त्याला गाडी न्यायची नाही असे मुलीला वचन दिले. बाजाराच्या दिवशी गावातल्या दोघी-तिघी म्हाताऱ्यांना आणणे-नेणे, एवढे काम तिला पुरे आहे. ५ वर्षांनंतर काय करायचे ते मुलगी ठरवील.

परवा सुटीवर आली तेव्हा ती कडुनिंबाखाली बसून पाचवी वही चाळत होती. जाताना तिने शेवटच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिले : 'डाव्या मागच्या चाकाचा लायनर पाहणे राहिले.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाक उतरवले.