तिसऱ्या हातातला फोन

पिंपळगाव राजातल्या माझ्या दुकानात दुरुस्तीला येणारा फोन बहुधा तिसऱ्या हातातला असतो. पुण्याला कंपनीत लागलेल्या मोठ्या पोरानं तो घेतलेला असतो. दोन-तीन वर्षांनी तो धाकट्याकडे येतो, आणि धाकट्याला कॉलेजसाठी नवा मिळाला की बापाच्या बंडीच्या खिशात जातो. तोवर कंपनीनं अपडेट देणं थांबवलेलं असतं. "भाऊ, याले सॉफ्टवेअर मारून दे, लय अटकते," असं म्हणत तो काउंटरवर येतो.

निम्म्या वेळा सॉफ्टवेअरचा दोष नसतोच. शुभ सकाळच्या फोटोंनी मेमरी गच्च भरलेली असते, बॅटरी फुगलेली असते, नाहीतर आतली मेमरीची चिप लिहून-पुसून थकलेली असते. अशा फोनवर कोणतीही रॉम टाका, चार दिवस बरा वाटेल आणि पुन्हा अडकेल. म्हणून मी आधी मागचं झाकण काढतो, केबल नंतर लावतो. शिकाऊ पोरांना याचाच कंटाळा येतो.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अँड्रॉइडचा मूळ सोर्स गूगल खुला ठेवते. कंपन्या त्यावर आपले रंग, आपली ॲप्स आणि आपल्या जाहिराती चढवतात. तोच मूळ सोर्स घेऊन स्वयंसेवक एखाद्या मॉडेलसाठी वेगळी प्रणाली बांधतात, ती कस्टम रॉम. सगळ्याच्या तळाशी कर्नेल असतो, म्हणजे लिनक्स. पडदा, कॅमेरा, चार्जिंग, प्रोसेसरचा वेग, सगळं त्याच्या हातून चालतं. शेताचा मालक बदलला तरी कोणत्या विहिरीची मोटर कोणत्या बटणावर सुरू होते हे सालदारालाच ठाऊक असतं, तसा हा कर्नेल. रॉम बदलली तरी हार्डवेअर ओळखणारा तोच.

लिनक्सचा कर्नेल जीपीएल परवान्याखाली येतो. जो कर्नेल फोनात घालून विकला, त्याचा सोर्स मागणाऱ्याला देणं कंपनीवर बंधनकारक आहे. जुना फोन जगवण्याचा सगळा धंदा या एका अटीवर उभा आहे. सोर्स वेळेत आणि पूर्ण मिळाला तर त्या मॉडेलभोवती काम करणारी पोरं जमतात. उशिरा मिळाला, अर्धवट मिळाला किंवा मिळालाच नाही, तर फोन कितीही चांगला असो, तो कंपनीच्या शेवटच्या अपडेटवरच म्हातारा होतो. स्वस्तातल्या अनेक मीडियाटेक आणि युनिसॉक फोनांचं असंच होतं. क्वालकॉमच्या फोनांना लोक धरून राहिले ते प्रोसेसरच्या वेगासाठी कमी आणि या सोर्ससाठी जास्त.

आमच्या भागात हे खूळ आणलं यु युरेकानं. मायक्रोमॅक्सचा हा फोन जानेवारी २०१५ मध्ये ८,९९९ रुपयांना आला आणि त्यात कंपनीनंच सायनोजेन भरून दिलं होतं. सायनोजेनमॉड म्हणजे स्टीव्ह कोंडिक यानं २००९ मध्ये सुरू केलेली रॉम, तिची पुढे कंपनी झाली. भारतात सायनोजेनवर हक्क कोणाचा, यावरून डिसेंबर २०१४ मध्ये मायक्रोमॅक्स आणि वनप्लस दिल्ली उच्च न्यायालयात भांडत होते. एका रॉमसाठी कोर्टकचेरी होते हे तेव्हा फार थोर वाटलं होतं. दोनच वर्षांनी, डिसेंबर २०१६ मध्ये, सायनोजेन कंपनी सेवा बंद करून मोकळी झाली आणि त्याच सोर्समधून स्वयंसेवकांनी लिनेजओएस उभं केलं. कंपनी बुडाली तरी रॉम बुडाली नाही, हे तेव्हाच कळलं होतं.

त्याआधीचा काळ तर आता कोणाला सांगूनही पटत नाही. अँड्रॉइड २.३ च्या बहुतेक फोनांवर मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसत. रूट करून, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा घेऊन, सिस्टिमच्या फोल्डरात देवनागरी फॉन्ट टाकला की अक्षरं उमटत, पण जोडाक्षरं फुटत आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे, कारण अक्षरं जुळवणारं यंत्रच आत नव्हतं. कित्येकांनी आयुष्यातली पहिली रॉम टाकली ती मराठी नीट वाचता यावं म्हणून. मेनूसकट मराठी भाषा अँड्रॉइडमध्ये आली ती २०१४ च्या लॉलीपॉपमध्ये. पुढच्याच वर्षी मुंबईत, आयआयटीतून बाहेर पडलेल्या मुलांनी भारतीय भाषांसाठी घडवलेली इंडस ओएस मायक्रोमॅक्सच्या युनाइट ३ मध्ये दिसली. ती आज फोनात उरली नाही, तिच्या कंपनीचं ॲप-दुकान फोनपेकडे गेलं. पण फोनची प्रणाली आपल्या माणसाच्या सोयीनं घडवता येते हे तिनं दाखवलं होतं.

मग आला रेडमी नोट ४. जानेवारी २०१७, स्नॅपड्रॅगन ६२५, ४,१०० एमएएचची बॅटरी. गावात दर चौथ्या खिशात हाच असावा असं वाटे. रॉम टाकणाऱ्यांच्या भाषेत त्याचं नाव मिडो. फोन घेताना डब्यावरचं नाव चालतं, पण रॉम उतरवताना सांकेतिक नावच बघायचं. याच रेडमी नोट ४ ची मीडियाटेकवाली आवृत्ती बाहेरच्या देशांत वेगळ्या सांकेतिक नावानं विकली गेली, आणि तिची फाइल मिडोवर चालत नाही. कंपनीनं मिडोला अँड्रॉइड ७ पर्यंत नेलं. तिथून पुढे अँड्रॉइड १३ आणि त्यापलीकडेही त्याला नेलं ते घरी बसून काम करणाऱ्या अनोळखी पोरांनी.

त्यात खरी करामत कर्नेलची होती. मिडो मूळ ३.१८ कर्नेलवर आला. अँड्रॉइड १२ मध्ये गूगलनं नेटवर्कचा हिशेब ठेवण्याची जुनी आयपीटेबल्सची पद्धत काढून ईबीपीएफ नावाची नवी पद्धत पक्की केली, आणि ती पेलण्याची ताकद एवढ्या जुन्या कर्नेलात नव्हती. लिनेजओएसनं त्या टप्प्यावर बरीच जुनी मॉडेलं सोडली ती याच कारणानं. मिडोसाठी मात्र कोणीतरी ४.९ चा कर्नेल बसवला. म्हणून नवी रॉम आली की मी तिचा वॉलपेपर बघत नाही. कर्नेलची आवृत्ती कोणती, सुरक्षेचा पॅच कोणत्या महिन्याचा आणि देखभाल करणारा माणूस शेवटचा कधी दिसला, एवढं बघतो. सहा महिने काहीच हालचाल नसलेली रॉम, तिच्या पानावर कितीही सोयी लिहिलेल्या असोत, मी बापाच्या वयाच्या गिऱ्हाइकाच्या फोनात टाकत नाही.

सोयींची यादी बघून रॉम निवडणारा माणूस शहरातला, असं माझं सरळ मत आहे. आमच्याकडे पहिला प्रश्न कॉलचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. त्याचा आवाज तेव्हा फोरजीवरूनच जाई, खाली टूजीचा आधार नव्हता. त्या वर्षा-दोन वर्षांत कित्येक रॉम इंटरनेट झकास चालवत आणि फोन मात्र लागत नसे, कारण व्हीओएलटीईचे, म्हणजे फोरजीवरून आवाज नेण्याचे, तुकडे कंपनीच्या बंद सॉफ्टवेअरमधले असत. दुसरा प्रश्न जीपीएस आणि कॅमेऱ्याचा. ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून करायची आहे, फोटो आणि जागेच्या नोंदीसकट. रॉममध्ये जीपीएस दोन शेतं सोडून दाखवत असेल तर सोयाबीन माझं आणि नोंद शेजाऱ्याच्या गटात, असा घोळ. म्हणून रॉम टाकल्यावर मी फोन घेऊन दुकानाबाहेर मोकळ्यात जातो आणि आकाशातले उपग्रह पकडतो की नाही ते बघतो. गिऱ्हाइकाला ते उगाचचं वाटतं.

तिसरा प्रश्न पैशांचा, आणि इथं आताशा गाडी अडते. रॉम टाकायची तर आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणारा कंपनीचा कुलूपबंद प्रोग्रॅम, अनलॉक करावा लागतो, आणि अनलॉक झालेला फोन गूगलच्या तपासणीत संशयित ठरतो. आधी ती तपासणी सेफ्टीनेट होती, आता प्ले इंटेग्रिटी आहे. पूर्वी एखादं मॉड्यूल टाकून तिला चकवता येई. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनांसाठी गूगलनं ती हार्डवेअरच्या पुराव्यावर नेली, त्यामुळे जुगाड आज चालतो आणि उद्या बंद पडतो. बँकेची ॲप्स रुसतात, आधारचं चेहरा ओळखणारं ॲप अडतं. पीएम-किसानची केवायसी आणि निवृत्तांचा हयातीचा दाखला आता चेहऱ्यावरूनही होतो. ज्याच्याकडे एकच फोन आहे आणि सगळे व्यवहार त्यावरच आहेत, त्याला मी अनलॉक करून देत नाही. "काका, बॅटरी बदला, जागा रिकामी करा, पुरे झालं." यात माझं नुकसान होतं, पण दर आठवड्याला त्याच्या बँकेचं ॲप उघडून देणं त्याहून महाग पडतं. ज्याच्या घरी दुसरा फोन आहे, त्याचा जुना मात्र आनंदानं उघडतो.

अनलॉक सगळ्या कंपन्या देतही नाहीत. विवो देतच नाही. शाओमी खातं बांधायला लावून बहुतेकदा आठवडाभर थांबवते. सॅमसंगच्या फोनात अनलॉक करून परकी फाइल टाकली की आतला एक फ्यूज कायमचा उडतो आणि सिक्युअर फोल्डर त्या फोनवर पुन्हा कधीच चालत नाही. गिऱ्हाइकाला हे आधी सांगितलंच पाहिजे. अनलॉक करताना फोनातलं सगळं पुसलं जातं, हेही.

टाकण्याचं काम तसं तासाभराचं, पण क्रम चुकवायचा नाही. आधी फोटो आणि नंबर बाहेर काढायचे. अनलॉक झाल्यावर टीडब्ल्यूआरपीसारखी रिकव्हरी बसवायची आणि लगेच ईएफएस, परसिस्ट या विभागांचा बॅकअप घेऊन तो फोनाबाहेर ठेवायचा. आयएमईआय त्यातूनच परत मिळतो. तो उडाल्यावर हातानं दुसरा लिहिणं हा गुन्हा आहे, २०१७ च्या नियमांपासून तर स्पष्टच, आणि असलं काम घेऊन येणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवतो. मग मोडेमचं फर्मवेअर रॉमनं सांगितलेल्या आवृत्तीचं आहे का ते बघायचं. मागची आवृत्ती टाकायची घाई नको. २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रोवर अँटी-रोलबॅक आलं तेव्हा जुनी फाइल मारलेले कित्येक फोन डेड झाले. त्यानंतर डेटा फॉरमॅट, रॉम, गूगलची ॲप्स, आणि फोन एकदा पूर्ण चालू करून कॉल लावून बघायचा. वेगळा कर्नेल टाकायचा असेल तर तो यानंतर, आणि चालू बूट इमेजची प्रत जवळ ठेवून. म्हणजे बिघडलं तर फास्टबूटमधून दोन मिनिटांत परत येता येतं. पोरं रॉम आणि कर्नेल एका दमात मारतात, फोन लोगोवर अडकतो आणि दोष कोणाचा ते कळत नाही.

वेगळा कर्नेल हवाच का, हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. मिडोचा प्रोसेसर २.० गिगाहर्ट्झचा, तो २.२ वर पळवणारे कर्नेल निघाले होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. फोन आधीच हातात धरवत नाही आणि कंपनीनं लावलेली तापमानाची मर्यादा काढून टाकणारा कर्नेल टाकायचा, हा शुद्ध येडेपणा आहे. उन्हात मोटरसायकलच्या होल्डरला फोन लावून चार्ज करणाऱ्यांच्या बॅटऱ्या मी रोज फुगलेल्या बघतो. तापमानाच्या मर्यादा शाबूत ठेवून सुरक्षेचे पॅच आणणारा कर्नेल मिळाला तर मी घेतो. बॅटरी दुप्पट चालेल असा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवत नाही. शिवारात टॉवर लांब असतो, रेंजसाठी मोडेम जीव काढतो, आणि त्यावर कोणत्याही कर्नेलकडे औषध नाही.

हे काम पूर्वीपेक्षा कमी होत चाललंय. महागड्या फोनांना आता सात-सात वर्षं अपडेट मिळतात, स्वस्तातले फोन अनलॉक होत नाहीत, आणि जून २०२५ मध्ये अँड्रॉइड १६ चा सोर्स आला तेव्हा गूगलनं आपल्या पिक्सेलसाठीच्या डिव्हाइस ट्री, म्हणजे त्या फोनच्या हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइली, त्यासोबत दिल्या नाहीत. त्यांच्या आधारे काम करणाऱ्यांना आता अंधारात चाचपडावं लागतं. कॉलेजातली पोरं खामगावात फोन घ्यायला जाण्याआधी माझ्याकडे डोकावतात आणि कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते सांगतात. मी त्यांना प्रोसेसर विचारतो, कर्नेलचा सोर्स आलाय का ते त्यांच्याच मोबाईलवर शोधायला लावतो आणि बूटलोडर उघडतो का ते बघायला सांगतो. बहुतेक जण ऐकून घेतात आणि कॅमेऱ्यावरच घेतात. एखादा मात्र माझं मानतो, आणि चार वर्षांनी त्याच्या बापाचा फोन माझ्याकडे येतो तेव्हा माझं काम तासाभरात उरकतं.