मान जरा खाली घाल तिची

जर्मनीत न्यूरेंबर्गला नाताळात एक सोनेरी परी विकायला असते. पितळेचा इतका पातळ पत्रा की हात लावला तर सळसळतो. त्याच्या चुण्यांचा झगा, डोक्यावर मुकुट, पाठीला पंख. तिची एक दंतकथा आहे. इ. स. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धानंतर तिथल्या एका बाहुल्या करणाऱ्या कारागिराची लहान मुलगी वारली. ती त्याच्या स्वप्नात परी होऊन आली आणि त्याने तशीच बाहुली केली. खरं-खोटं असो, पण गेलेलं माणूस हाताने पुन्हा घडवावंसं वाटणं मला पटतं.

आपल्याकडच्या देवलोकीच्या बायकांना पंख नसतात. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातली अप्सरा पाहा. गळ्यातल्या मोत्यांच्या माळा एका बाजूला झुकल्यात, एवढ्यावरून ती आकाशातून चाललीय हे कळतं. आणि भाद्रपदात आपल्या घरी येतात त्या तर चक्क पायी येतात, दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं उमटवत.

पुण्या-मुंबईकडे त्यांना गौरी म्हणतात, आमच्या नगरकडे महालक्ष्म्या. कशाच्या करायच्या याला एक नियम नाही. कोणाकडे नदीवरून किंवा विहिरीवरून आणलेले खडे, कोकणात तेरड्याची रोपं, कुठे शाडूचे मुखवटे, कुठे पितळेचे. ज्या गावात जे हाताशी, त्याची देवी. म्हणून तर ती गरिबाघरीही आली.

आमच्या सोनईच्या घरी मुखवटे पितळेचे. आदल्या दिवशी चिंचेने घासायचे. धड म्हणजे पत्र्याच्या दोन कोठ्या; पूर्वी म्हणे मडक्यांची उतरंड असे. कोठीत गहू भरायचे. देवीचं पोट रिकामं ठेवायचं नाही, हे शास्त्र. आणि वजनाने कोठी कलत नाही, हा व्यवहार. कापडी हात आत कापूस भरून शिवलेले. मग नऊवारी, दागिने, नथ. पुढे दोन बाळं, वर फुलोरा. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि पुरणपोळी, मूळावर विसर्जन. विसर्जन म्हणजे अक्षता टाकायच्या. मुखवटे परत पेटीत, साड्या घड्या करून कपाटात आणि गहू गिरणीत. तीन दिवस जी देवी होती, तिच्या पोटातल्या गव्हाची पोळी आठवडाभर आपण खातो.

म्हणजे वर्षभर राहतो तो फक्त चेहरा. बाकी सगळी बाई दरवर्षी नव्याने उभी करावी लागते. आमच्याकडे ती चाळीसेक वर्षं थोरल्या जाऊबाईंनी उभी केली. मी पोळ्या लाटायची, निवडणं-टिपणं करायची, साडी त्यांचीच. कोठीला ना कंबर, ना खांदा. तरी त्यांच्या निऱ्या अशा पडत की आत माणूस आहे असं वाटे. दोरी कुठे बांधायची, टाचणी कुठे लपवायची, कुठेही लिहिलेलं नाही. सगळं त्यांच्या बोटांत.

त्या बोटांना आता कंप सुटलाय.

गेल्या वर्षी घरातल्या मुलांनी सुचवलं की फायबरच्या अख्ख्या मूर्ती आणू. साडी शिवलेलीच मिळते, पाच मिनिटांत तयार. यात चूक काही नाही. नोकरीवाल्या सुनेला रजा किती, हे मलाही कळतं. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. फक्त पेटीची किल्ली कमरेची काढून टेबलावर ठेवली.

ती किल्ली धाकट्या सुनेने उचलली. जाऊबाईंना खुर्चीत बसवलं, त्यांनी सांगायचं आणि आम्ही करायचं. निऱ्यांना तीन तास लागले. नातवाने गहू भरले, निम्मे फरशीवर. कनिष्ठा जरा कललेलीच राहिली. ज्येष्ठेचा मुखवटा बसवला तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "मान जरा खाली घाल तिची. माहेरी आलीय ती, परेडला नाही." सुनेने मुखवट्यामागे चिंधीची घडी सरकवली. मान बोटभर वाकली आणि खरंच, पितळेवर ओळखीचं हसू आलं. जाऊबाईंनी तिथूनच हात जोडले.

आमच्यापासून पाच-सहा किलोमीटरवर शिंगणापूर. तिथला देव म्हणजे उघड्यावर उभी एक काळी शिळा. ना चेहरा, ना छप्पर. देवाला आकार लागत नाही, हे आम्हा सोनईकरांना कोणी शिकवायला नको. आकार आपल्याला लागतो. आणि तो आयता आणला की देवीचं काही बिघडत नाही; घरातल्या एका बाईची चाळीस वर्षांची कला मात्र तिच्याबरोबर जाते. त्या कारागिराला लेक गेल्यावर परी करावी लागली. आपलं माणूस अजून समोर खुर्चीत बसलंय.

म्हणून पुण्याच्या, नाशिकच्या आणि परदेशातल्या सगळ्या लेकी-सुनांना आणि मुलांनाही सांगते. यंदा जेवणाच्या दिवशी येऊ नका, आवाहनाच्या आदल्या दिवशी या. चिंच भिजवून ठेवते. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी नातू मोबाइलवर चित्रण करणार आहे, पण टाचणी कुठे लपवायची ते त्यात दिसेल असं वाटत नाही.