टू-नंबर आणि लेणं १५अ

क्रिस्टल रिपोर्ट्स या रिपोर्ट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या फॉर्म्युल्यांमध्ये टू-नंबर नावाचे एक गृहस्थ असतात. मजकूर म्हणून आलेल्या अक्षरांचा आकडा करून देणं एवढंच त्यांचं काम. ‘४५०’ अशी नुसती अक्षरं आत जातात आणि बेरजेला बसणारी, टक्केवारीला चालणारी संख्या बाहेर येते. कामाला चोख, रागाला जमदग्नी. ओळख करून घ्यायची तर त्यांच्या हाती अजिंठ्याच्या लेण्यांची यादी द्यावी. सगळा स्वभाव एका रकान्यात दिसतो.

वाघूर नदीच्या नालाकृती कड्यातल्या लेण्यांना मुळात १ ते २९ असे क्रमांक पडले. नंतर लक्षात आलेल्या एका चिमुकल्या लेण्याला १५अ म्हटलं गेलं. टू-नंबर १ पासून झपाझप निघतात, १५ पर्यंत हसतमुख. पुढे तो ‘अ’ दिसला की संपलं. ‘स्ट्रिंग नॉन-न्यूमेरिक आहे’ असं खडसावून अख्खा रिपोर्ट जागीच थांबवतात. एका लेण्यापायी बाकीची एकोणतीस खोळंबतात. मला त्यांचा हा राग आवडतो. जे कळलं नाही ते कळल्यासारखं ते कधीच दाखवत नाहीत. त्यांचा पारा सांभाळायचा तर आधी न्यूमेरिक-टेक्स्ट नावाच्या तपासनिसाला दारात उभं करावं. आकडा असेल तरच तो आत सोडतो.

घरातच व्हॅल म्हणून दुसरं फंक्शन आहे. ते फार मवाळ. डावीकडून वाचत जायचं, अनोळखी अक्षर आलं की थांबायचं आणि तोवर जे हाती लागलं ते द्यायचं. १५अ त्याच्याकडे गेलं की १५ होऊन परततं. भांडण नाही, तंटा नाही. आणि लेणीवार खर्चाच्या तक्त्यात दोन लेणी मुकाट्याने एक होतात: १५ हे पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या काळचं, १५अ हे इसवी सनापूर्वीच्या जुन्या गटातलं. पाचशेहून अधिक वर्षांचं अंतर एका ‘अ’सकट पुसलं जातं. ‘१,२५,०००’ त्याला द्या, पहिल्या स्वल्पविरामाशीच थांबून ते सव्वा लाखाचा एक रुपया हातावर ठेवतो. अशा मवाळपणापेक्षा आरडाओरडा परवडला.

एक्सेलमधली मंडळी याच कुळातली, पण लहरी. मजकूर झालेला आकडा तिथे डावीकडे सरकून बसतो, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण मिरवतो, आणि ‘सम’ त्याला बेरजेत धरत नाही, तक्रारही करत नाही. उलट नको तिथे भारी उत्साह. सातबाऱ्यावरचा गट नंबर १२/१ साध्या खान्यात टाका, एक्सेल त्याची १२ जानेवारी करून मोकळं होतं. शेतजमिनीची तारीख झालेली पाहून तलाठीही चक्रावेल. असे नंबर टाकण्याआधीच रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवावा.

पॉवर बीआय या रिपोर्टच्याच दुसऱ्या साधनाचा तोरा निराळा. तिथे एखादा रकाना संख्या ठरला की त्याची बेरीज करायला ते टपलेलंच असतं. अजिंठ्याचे मूळ क्रमांक तक्त्यात ओढले तर खाली उत्तर येतं ४३५. कसले ४३५? कशाचेच नाहीत. सरासरी काढली तर १५, तीही तशीच. हे क्रमांक कड्यालगतच्या वाटेने चालत जाताना दिलेले आहेत, त्यांत काळाचाही क्रम नाही. ९ आणि १० ही सर्वांत जुन्यांपैकी, पहिलं मात्र पाचव्या शतकातलं. ज्याची कधी बेरीज करायची नाही, त्याला अंकांनी लिहिलेलं नाव समजावं. लेणं क्रमांक, गट नंबर, पिनकोड, मोबाइल, सगळे याच जातीचे. टू-नंबरना बोलवायचं ते खर्चाच्या आणि तिकिटांच्या रकान्यासाठी.

मात्र क्रमांक मजकूर ठेवला की रांगेचा घोळ होतो. १ नंतर थेट १०, मग ११ पासून १९, आणि २ बिचारं त्यांच्या मागे. त्यावर उपाय म्हणजे शेजारी ‘क्रम’ नावाचा अस्सल संख्येचा रकाना करावा आणि नावांची रांग त्यावरून लावावी. तिथे दशांशाला मज्जाव नसतो. १५अ समोर १५.५ लिहिलं की ते १५ आणि १६ च्या मधोमध जाऊन बसतं, रिपोर्टात छापलं जातं ते १५अ म्हणूनच, आणि टू-नंबरना चिडायला जागाच उरत नाही.