दोन नियुक्तिपत्रे आणि एक वही

गेल्या उन्हाळ्यात आमच्या लेकीचे बी.एस्सी., बी.एड. पूर्ण झाले आणि महिन्याभरात दोन ठिकाणांहून बोलावणे आले. एक मालेगावातल्याच अनुदानित उर्दू हायस्कूलचे. शिक्षणसेवक म्हणून मानधन १८,००० रुपये. दुसरे नाशिकच्या खासगी इंग्रजी शाळेचे, पगार २४,०००.

मोहल्ल्यात एकच मत होते, "अनुदानित सोडू नका, घरात राहून नोकरी, पुढे पेन्शन." आम्ही दोघेही शिक्षक, म्हणून नातेवाईक आमच्याकडे निकालासाठी बघत होते. रात्री जेवण झाल्यावर आम्ही वही काढली आणि मधोमध रेघ मारली.

नाशिक शंभरेक किलोमीटर. खोली, डबा, एसटी वजा केली तर हातात निम्मेच उरत होते. मालेगावात खर्च नाही. शिवाय शिक्षणसेवकाची तीन वर्षे संपली की नियमित वेतनश्रेणी, मूळ वेतन ३८,६०० पासून, वर महागाई भत्ता. जुनी पेन्शन मात्र आम्ही मोजली नाही. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांसाठी ती योजना बंद झाली, हे लोक विसरतात. तरी हिशेबात मालेगावच जिंकत होते.

पण आम्हाला स्वतःचे दिवस आठवले. लग्नानंतर सहा वर्षे आम्ही एका विनाअनुदानित शाळेत "अनुदान येणारच आहे" या शब्दावर काढली. अनुदान आले नाही. घर शिवणयंत्रावर आणि शिकवण्यांवर चालले.

म्हणून आम्ही संस्थेत जाऊन तीनच गोष्टी विचारल्या. हे पद यंदाच्या संचमान्यतेत आहे का? शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता केव्हा मिळेल? शालार्थ आयडीचा प्रस्ताव कोण पाठवणार? कारण शालार्थमध्ये नाव चढल्याशिवाय पगार निघत नाही. उत्तर मिळाले, "पद पुढच्या वर्षी निघेल, तोवर मुलीला शिकवू द्या. आणि संस्थेला थोडी मदत लागेल." ती मदत म्हणजे काय, ते आम्हाला समजले. आम्ही सलाम करून उठलो. वहीतले १८,००० त्या दिवशी खोडले गेले.

तरीही नाशिकला होकार देताना आमची जीभ रेटेना. आम्ही भाडे जास्त आहे म्हणालो, प्रवास आहे म्हणालो. लेक शांतपणे म्हणाली, "अब्बा, अम्मी, तुमची भीती पण वहीत लिहा ना." आम्ही गप्प झालो. खरे होते. मुलगी एकटी परगावी राहणार, ही भीती आम्ही भाड्याच्या रकमेत लपवत होतो. ती वेगळी लिहिली, तेव्हा तिच्यावर उपायही दिसला. शाळेजवळ शिक्षिकांचे वसतिगृह होते. आम्ही जाऊन पाहिले, वॉर्डनबाईंशी बोललो. शाळेकडून पत्रात बारा महिन्यांचा पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि मूळ प्रमाणपत्रे जमा करून घेणार नाही, एवढे लिहून घेतले.

तिने इस्तिखाऱ्याची नमाज अदा केली. आजीने सकाळी विचारले, "स्वप्न पडले का?" स्वप्न पडलेच पाहिजे असे कुठे आहे? चौकशी करावी, मशवरा घ्यावा, दुआ मागावी आणि मन ज्यावर ठरेल ते अल्लाहवर सोपवून पाऊल उचलावे.

जूनमध्ये तिला एसटीत बसवून आलो. ती दर रविवारी फोन करते, प्रयोगशाळेतल्या गमती सांगते. ती वही आम्ही कपाटात ठेवली आहे. धाकट्याची बारावी यंदा आहे.